डिजिटल मायक्रोस्कोप: ‘एक्स’ किती हवा, ते आधी मिलिमीटरमध्ये ठरवा

ऑनलाइन डिजिटल मायक्रोस्कोप शोधायला बसलं की लिलावाची बोली लागल्यासारखं वाटतं. एकावर ५०० एक्स (म्हणजे ५०० पट), दुसऱ्यावर १००० एक्स, तिसऱ्यावर १६०० एक्स. दिसायला सगळे सारखे, किमतीतही फारसा फरक नाही. मग माणूस मोठ्या आकड्याकडेच वळतो. घरी आणल्यावर लक्षात येतं, की मोबाइलच्या बोर्डावरचा रेझिस्टर नीट दिसावा म्हणून भिंग इतकं जवळ न्यावं लागतंय की सोल्डरिंग आयर्न मध्ये शिरायला जागाच उरत नाही. किंवा पानावरचा कोळी दिसतो खरा, पण तो पडद्याबाहेर पळाला की पुन्हा सापडत नाही.

अशा वेळी यंत्र बहुतेकदा बिघडलेलं नसतं. निवड उलट्या टोकाने झालेली असते. डिजिटल मायक्रोस्कोपच्या बाबतीत ‘किती पट मोठं’ हा प्रश्न शेवटी विचारायचा. सुरुवात ‘एका वेळी किती मिलिमीटर रुंद भाग दिसायला हवा’ इथून करायची. तेवढं ठरलं की बाकीचे आकडे साध्या भागाकाराने निघतात.

खोक्यावरचा आकडा कशाचा असतो

डोळा लावून पाहायच्या जुन्या मायक्रोस्कोपमध्ये हिशोब सरळ असतो. खालचं भिंग ४० एक्स, डोळ्याचं भिंग १० एक्स, गुणाकार ४००. डिजिटल मायक्रोस्कोपला डोळ्याचं भिंगच नाही. भिंगातून आलेली प्रतिमा कॅमेऱ्याच्या सेन्सरवर पडते आणि सेन्सरवरून पडद्यावर जाते. त्यामुळे वस्तू किती पट मोठी दिसणार हे पडद्याच्या आकारावरही ठरतं.

सूत्र एवढंच:

पडद्यावरच्या चित्राची रुंदी ÷ त्या चित्रात मावलेल्या वस्तूची खरी रुंदी = पटीचा आकडा

समजा तुमचा मायक्रोस्कोप जास्तीत जास्त जवळून १.६ मिमी रुंद भाग दाखवतो. ७ इंची पडदा साधारण १५५ मिमी रुंद असतो, तिथे हे झाले सुमारे ९७ एक्स. तीच केबल १५.६ इंची लॅपटॉपला लावली तर पडद्याची रुंदी ३४५ मिमी, म्हणजे २१५ एक्स. २४ इंची मॉनिटरवर ३३० एक्स, आणि घरातल्या ४३ इंची टीव्हीवर जवळजवळ ६०० एक्स. भिंग तेच, सेन्सर तोच, दिसणारा तपशीलही तेवढाच. नवी माहिती शून्य, फक्त पडदा मोठा झाला. वर डिजिटल झूम जोडला की हजार-दोन हजार कुठेही गाठता येतात. म्हणून खोक्यावरच्या आकड्याला तसं खोटंही म्हणता येत नाही, पण तो कोणत्या पडद्यावर मोजलाय हे क्वचितच लिहिलेलं असतं, आणि ते माहीत नसेल तर त्या आकड्याचा उपयोग काही नाही.

आकड्याची शहानिशा करायला डोक्यावरचा एक केस पुरतो. केस साधारण ०.०५ ते ०.१ मिमी जाड असतो, हिशोबाला ०.०७ धरू. खरोखर १००० एक्स असेल तर ७ इंची पडद्यावर तो ७० मिमी रुंद, म्हणजे जवळजवळ अर्धा पडदा व्यापणारा दिसायला हवा. दिसला ७ मिमीचा, तर समजा तुमच्या हातात १०० एक्स आहे. शंभर एक्स वाईट नाही. पुढे दिसेलच, की घरातल्या आणि दुकानातल्या बहुतेक कामांना तेवढेही लागत नाहीत.

पहिली पायरी: दृष्टिक्षेत्र ठरवा

पडद्यावर एका वेळी दिसणाऱ्या भागाला दृष्टिक्षेत्र म्हणतात. ते ठरवायला पट्टी घ्या आणि ज्या वस्तूवर काम करायचंय तिच्यावर ठेवा. नुसतं पाहायचं असेल तर वस्तू पूर्ण मावून कडेला थोडी जागा उरेल एवढी रुंदी धरा. हाताने काम करायचं असेल तर वस्तू, चिमट्याचं टोक, आयर्नची टीप आणि आजूबाजूची थोडी जागा, हे सगळं मावलं पाहिजे. या दोन गरजांत पाच-दहापटींचा फरक पडतो. ‘एकच मायक्रोस्कोप सगळ्याला’ घेणाऱ्यांची निराशा होते ती इथेच.

हा आकडा कागदावर लिहा. उदाहरणार्थ: दहा रुपयांचं नाणं पूर्ण पाहायचं तर ३० मिमी (नाणं २७ मिमीचं असतं). सोल्डरिंग करायचं तर २० ते २५ मिमी. फुलकिडे पाहायचे तर १२ ते १५ मिमी. लाल कोळी (पानांवरची बारीक कीड) ओळखायचा तर ७-८ मिमी.

दुसरी पायरी: पिक्सेलचा हिशोब

दृष्टिक्षेत्र ठरलं की त्यात कॅमेऱ्याचे पिक्सेल किती बारीक पडतात ते काढायचं. फुल एचडी कॅमेरा आडवा १९२० पिक्सेल देतो. दृष्टिक्षेत्र १९.२ मिमी असेल तर एका पिक्सेलच्या वाट्याला ०.०१ मिमी, म्हणजे १० मायक्रॉन येतात. (१ मिमी म्हणजे १००० मायक्रॉन.)

आता जे बघायचंय ते किती पिक्सेल व्यापतं? इथे माझा एक ठोकताळा आहे. वस्तू ‘आहे की नाही’ एवढंच कळायला ३-४ पिक्सेल पुरतात. तिचा आकार कळायला वीसेक लागतात. आणि ती ‘नेमकी काय’ हे ओळखायला, म्हणजे पाय, ठिपके, भेग, अक्षर असा तपशील दिसायला, ८० ते १०० पिक्सेल असावेत. दोन पिक्सेलच्या खालचं काही दिसेल ही आशा सोडा.

लाल कोळ्यावर हे लावून बघू. मादी सुमारे ०.४ मिमीची, म्हणजे ४०० मायक्रॉन. तिला १०० पिक्सेल द्यायचे तर एका पिक्सेलला ४ मायक्रॉन. १९२० पिक्सेल गुणिले ४, म्हणजे ७.७ मिमीचं दृष्टिक्षेत्र. ७ इंची पडद्यावर १५५ भागिले ७.७, उत्तर आलं २० एक्स. वीस! हजारांच्या जाहिराती पाहून आलेल्या माणसाला हे पटत नाही, पण शेतात कीड तपासायला जी घडीची भिंगं वापरतात ती १० ते २० एक्सचीच असतात. पंधरा-वीस पटीत कोळ्याचे पाय आणि पाठीवरचे गडद ठिपके दिसतात, शेजारी गोल अंडी दिसतात. आणखी काय हवंय?

दोन फसवणुकी इथे सांगून ठेवतो. पहिली, वाढवलेले मेगापिक्सेल. सेन्सर ६४० गुणिले ४८० चा, आणि सॉफ्टवेअर तीच प्रतिमा ताणून मोठी फाइल बनवतं. फाइलची मोजमापं मोठी असतात, पण फोटो वाढवून पाहिला की कडा पाच-सहा पिक्सेलभर पसरलेल्या दिसतात. दुसरी गोष्ट फसवणूक नव्हे, पण लक्षात येत नाही. ७ इंची पडद्याच्या पुष्कळ मॉडेलांत पडदा १०२४ गुणिले ६०० चाच असतो. कॅमेरा फुल एचडी असला तरी काम करताना तुम्ही त्यातला निम्माच तपशील पाहत असता. साठवलेल्या फोटोत मात्र तो पूर्ण असतो. ज्यांना थेट पडद्यावर बघून हाताने काम करायचंय त्यांनी एचडीएमआय जोडणी असलेलं यंत्र घेऊन वेगळा मॉनिटर लावणं जास्त शहाणपणाचं.

तिसरी पायरी: भिंगाला विचारा

पिक्सेल कितीही बारीक केले तरी भिंगातून जो तपशील आलाच नाही तो सेन्सर दाखवू शकत नाही. ही मर्यादा जर्मन भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये मांडली. येना शहरातल्या त्यांच्या स्मारकावर ते सूत्रच कोरलेलं आहे. दोन बिंदू वेगळे दिसण्यासाठी त्यांच्यात किमान किती अंतर हवं, तर प्रकाशाची तरंगलांबी भागिले भिंगाच्या न्यूमरिकल अ‍ॅपर्चरची दुप्पट. न्यूमरिकल अ‍ॅपर्चर म्हणजे भिंग वस्तूकडून येणारा प्रकाश किती रुंद कोनातून गोळा करतं त्याचं माप. कॉलेजातल्या मायक्रोस्कोपच्या भिंगावर पटीशेजारी तिरप्या रेघेनंतर लिहिलेला आकडा तोच.

हिरवा प्रकाश, ५५० नॅनोमीटर, धरून हिशोब असा येतो. ४ एक्स भिंग, अ‍ॅपर्चर ०.१०: सुमारे २.७५ मायक्रॉन. १० एक्स, ०.२५: १.१ मायक्रॉन. ४० एक्स, ०.६५: ०.४२ मायक्रॉन. तेलात बुडवून वापरायचं १०० एक्स, १.२५: ०.२२ मायक्रॉन. पुढची अंगवळणी पडलेली रीत म्हणजे अ‍ॅपर्चरच्या ५०० ते १००० पट एवढंच विशालन कामाचं. ०.१० च्या भिंगाला ५० ते १०० एक्स पुरे. १००० एक्सचा दावा खरा करायचा तर अ‍ॅपर्चर किमान १ हवं, आणि हवेतून पाहताना ते १ च्या वर जाऊच शकत नाही. म्हणूनच तेल लागतं. टेबलावर उभ्या केलेल्या, बोटाएवढ्या यूएसबी मायक्रोस्कोपचं छोटं भिंग त्याच्या जवळपासही नसतं.

निव्वळ पटीच्या आकड्याने तपशील मिळत नाही, याचं उलट बाजूचं उदाहरणही छान आहे. सतराव्या शतकात हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या लेवेनहुकने एकाच बारीक भिंगाच्या मायक्रोस्कोपमधून जिवाणू पाहिले. त्याच्या उरलेल्या यंत्रांपैकी सर्वोत्तम भिंग सुमारे २७० पटींचं आहे. आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मनू प्रकाश यांचा कागदी फोल्डस्कोप १४० एक्सचा असून साधारण २ मायक्रॉनचा तपशील दाखवतो. १६०० एक्स लिहिलेल्या कितीतरी यंत्रांना तो जमत नाही.

चौथी पायरी: पट वाढली की काय जातं

कामाचं अंतर जातं. भिंगाचं टोक आणि वस्तू यांच्यातली ही मोकळी जागा. पेनासारख्या यूएसबी मायक्रोस्कोपमध्ये चाक फिरवून फोकस करतात, आणि त्यात प्रत्येक अंतराला ठरावीकच पट मिळते: लांब ठेवलं तर कमी, टेकवलं तर जास्त. ‘५० ते १००० एक्स झूम’ हे वाचून वाटतं की दहा सेंमीवरून हवं तेवढं जवळ आणता येईल. तसं होत नाही. सर्वांत मोठी पट वस्तूला जवळजवळ टेकल्यावरच येते.

खोली जाते. ४ एक्स भिंगाखाली पन्नासेक मायक्रॉन जाडीचा थर एकदम स्पष्ट असतो, ४० एक्सखाली जेमतेम एक-दीड मायक्रॉन. उंचसखल वस्तू जास्त पटीत पाहिली की एक कड स्पष्ट आणि बाकी धुकं. कमी पटीत फोटो काढून नंतर कापून घेतला तर पुष्कळदा जास्त चांगला दिसतो.

प्रकाश कमी पडतो. कमी प्रकाशात कॅमेरा आपोआप प्रत्येक चित्राला जास्त वेळ घेतो, त्यामुळे पडद्यावरची हालचाल मागे पडते, अडखळते. बऱ्याच जणांना वाटतं यंत्र संथ आहे. दिवा वाढवून पाहा, सुरळीत होईल.

आणि स्थैर्य जातं. शंभर पटीत ०.१ मिमीचा धक्का पडद्यावर एक सेंमीचा होतो. वरच्या मजल्यावर कुणी चाललं, टेबलावर पंखा असला, तरी चित्र थरथरतं. यंत्रासोबत मिळणारा प्लॅस्टिकचा वाकणारा दांडा चाळीस-पन्नास एक्सच्या पुढे निरुपयोगी समजा. जड लोखंडी पायाचा स्टँड घ्यायला पैसे ठेवा, भले मायक्रोस्कोप एक पायरी खालचा घ्यावा लागला तरी चालेल.

मोबाइल आणि बोर्ड दुरुस्ती

या कामासाठी पुष्कळ डिजिटल मायक्रोस्कोप विकले जातात आणि पुष्कळदा चुकीचे, म्हणून इथे थोडं रेंगाळतो.

बोर्डावरचे भाग किती बारीक असतात ते आधी पाहू. ०६०३ मापाचा रेझिस्टर १.६ गुणिले ०.८ मिमी. ०४०२ चा १ गुणिले ०.५. फोनमध्ये सर्रास असणारा ०२०१ फक्त ०.६ गुणिले ०.३ मिमी, आणि ०१००५ त्याहून लहान, ०.४ गुणिले ०.२ मिमी. फुल एचडी कॅमेऱ्यावर २० मिमीचं दृष्टिक्षेत्र ठेवलं तर एका पिक्सेलला १०.४ मायक्रॉन येतात. ०२०१ रेझिस्टर लांबीत ५८ पिक्सेल, रुंदीत २९. तो कुठे आहे, सरळ बसलाय का, दोन्ही बाजूंना सोल्डर आलंय का, हे कळायला एवढं चालतं. ७ इंची पडद्यावर हे जेमतेम ८ एक्स होतात, २१.५ इंची मॉनिटरवर २४.

जंपर मारायचा, म्हणजे तुटलेली जोडणी बारीक तारेने जोडायची असेल तर गणित बदलतं. बारीक जंपरची तार ०.०२ मिमीची मिळते, म्हणजे २० मायक्रॉन. वरच्या दृष्टिक्षेत्रात ती दोन पिक्सेलची. दिसली तर दिसली. दृष्टिक्षेत्र ८ ते १० मिमीवर आणलं की ती चार-पाच पिक्सेलची होते आणि टोक कुठे टेकतंय ते कळतं. पण १० मिमीत आयर्नची टीप आणि चिमटा दोन्ही सांभाळणं हाताला शिकवावं लागतं. म्हणून या कामाला पट सलग बदलता येणारं यंत्र हवं, आणि पट बदलली तरी कामाचं अंतर तेच राहायला हवं. पेनासारखा यूएसबी मायक्रोस्कोप इथे बाद.

कामाचं अंतर किमान १० सेंमी. हॉट एअर (गरम हवेने सोल्डर वितळवायचं यंत्र) वापरणार असाल तर १५ च्या पुढे. बाजारातल्या ७ ते ४५ एक्सच्या झूम स्टिरिओ मायक्रोस्कोपला (दोन डोळ्यांनी पाहायचा, त्यामुळे खोली कळते) साधारण १० सेंमी मिळतात. खाली ०.५ एक्सचं बार्लो भिंग लावलं की पट निम्मी होऊन अंतर १६-१८ सेंमीपर्यंत जातं. पट निम्मी झाली म्हणून हळहळू नका. बोर्डावरचं बहुतेक काम ७ ते १५ एक्समध्येच चालतं. फ्लक्सचा (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात त्या पदार्थाचा) धूर भिंगावर बसतो, तेव्हा पुढे संरक्षक काच लावा. काच बदलता येते, भिंग पुसून पुसून खराब होतं.

माझं स्पष्ट मत: रोज चार-पाच तास सोल्डरिंग करणाऱ्याने निव्वळ डिजिटल न घेता ट्रायनॉक्युलर स्टिरिओ घ्यावा, म्हणजे डोळ्यांसाठी दोन आणि कॅमेऱ्यासाठी तिसरी नळी असलेला. पडद्यावर खोली कळत नाही. टीप बोर्डावर टेकली की वर आहे हे सावलीवरून ओळखावं लागतं, आणि प्रतिमा पडद्यावर थोडी उशिरा येते. सवयीने जमतं, नाही असं नाही. पण दोन डोळ्यांनी पाहताना हा प्रश्नच नसतो, आणि गिऱ्हाइकाला दाखवायला तिसऱ्या नळीवर कॅमेरा असतोच.

त्या तिसऱ्या नळीचीही एक खोच आहे. डोळ्यांना दिसतं तेवढं कॅमेऱ्याला दिसत नाही. १/२.८ इंची सेन्सरची रुंदी साधारण ५.६ मिमी. झूम ०.७ वर (१० एक्सच्या डोळ्याच्या भिंगातून ७ एक्स) आणि कॅमेऱ्याच्या नळीत ०.५ एक्सचं भिंग असेल तर कॅमेऱ्याचं दृष्टिक्षेत्र ५.६ भागिले ०.३५ (०.७ गुणिले ०.५), म्हणजे १६ मिमी. त्याच वेळी डोळ्यांना २८ मिमी दिसत असतात. ०.३५ एक्सचं भिंग घेतलं तर कॅमेरा २३ मिमीपर्यंत येतो, कोपरे थोडे काळवंडतात एवढंच. विक्रेत्याला सेन्सरचं माप आणि या भिंगाची पट, दोन्ही विचारा.

शेतात: कोळी, फुलकिडे, भुरी

लाल कोळ्याचा हिशोब वर झाला. फुलकिडे साधारण एक मिमीचे, त्यांना १२-१५ मिमीचं दृष्टिक्षेत्र म्हणजे ७ इंची पडद्यावर १० ते १३ एक्स. ते हलतात, म्हणून जास्त पट उलट त्रासाची. कांद्याची पात किंवा द्राक्षाचा फुटवा पांढऱ्या कागदावर झटकायचा आणि कागदच भिंगाखाली धरायचा.

कोकणातल्या नारळावरचा इरिओफाइड कोळी ही वेगळी जात. १९९८ मध्ये केरळात आढळला आणि तिथून पसरला. लांबी ०.२ ते ०.२५ मिमी, जाडी ०.०५ च्या आत, आणि अंग जवळजवळ पारदर्शक. कोवळ्या फळाच्या देठाजवळची टोपी काढून आतली बाजू पाहावी लागते. त्याला ४ मिमीचं दृष्टिक्षेत्र घ्या: पिक्सेलला २.१ मायक्रॉन, कोळी लांबीत शंभर पिक्सेल, जाडीत वीस. ७ इंची पडद्यावर ३९ एक्स. प्रकाश वरून सरळ टाकला तर तो चमकेत हरवतो, बाजूने तिरपा टाका.

द्राक्षावरची भुरी आणि डाउनी (दोन्ही बुरशीसारखे रोग) ओळखण्यासाठी मायक्रोस्कोप लागतोच असं नाही. डाउनीची पांढरी बुरशी पानाच्या खालच्या बाजूला असते, भुरी बहुधा वरून पीठ टाकल्यासारखी दिसते. शंका असेल तर ५० ते १०० एक्समध्ये पाहा. डाउनीचे तंतू झाडासारखे फांद्या फुटलेले असतात, भुरीच्या बीजाणूंच्या सरळ माळा असतात. भुरीचा एक बीजाणू तीसेक मायक्रॉनचा. एकेकटा बीजाणू नीट पाहायचा तर चिकटपट्टीवर घेऊन काचपट्टीवर लावा आणि खालून प्रकाश येणाऱ्या साध्या मायक्रोस्कोपच्या १० एक्स भिंगाखाली धरा. वरून प्रकाश टाकणाऱ्या यंत्राचं हे काम नव्हे.

उन्हात ७ इंची पडदा काही दिसत नाही. बांधावर १० एक्सचं घडीचं भिंग, आणि डिजिटल मायक्रोस्कोप घरी, फोटोसाठी. कृषी सल्लागाराला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला तर तो दाबून लहान होतो, आणि एवढा हिशोब करून मिळवलेले पिक्सेल वाटेतच गळतात.

शाळा आणि घर

मुलांसाठी घेत असाल तर मीठ, साखर, मुंगी, फुलाचा परागकोश, कापडाची वीण, नोटेवरची बारीक छपाई, हे सगळं १० ते ६० एक्समध्ये मजेत दिसतं. या वयात स्टँड घट्ट असणं आणि फोकस सोपा असणं पटीपेक्षा मोलाचं.

कांद्याच्या सालीतली पेशी पाव मिमीच्या आसपास असते, त्यामुळे ४ एक्स आणि १० एक्स भिंगाखाली ती पुरेशी मोठी दिसते. डबक्यातलं पॅरामेशियम ०.१ ते ०.३ मिमी, तेही १० एक्सवर. पण दोन्हीला खालून प्रकाश हवा. रक्तातल्या तांबड्या पेशी ७-८ मायक्रॉनच्या, तिथे ४० एक्स भिंग. रक्तात मलेरियाचे परोपजीवी शोधायला प्रयोगशाळेत १०० एक्सचं तेलातलं भिंगच वापरतात. एक-दोन मायक्रॉनचे जिवाणूही तिथलेच. ‘घरच्या पाण्यातले जंतू पाहा’ अशी जाहिरात असलेल्या यूएसबी यंत्रात जे दिसतं ते बहुतेक वेळा धूळ असते. हा नाद खरा असेल तर जुना कॉलेजचा मायक्रोस्कोप घ्या आणि त्याच्या डोळ्याच्या भिंगाजागी बसणारा कॅमेरा लावा.

दागिना, नाणं

सोन्याच्या दागिन्यावरचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी (त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) घरी वाचायचा तर ५ ते ८ मिमीचं दृष्टिक्षेत्र, म्हणजे ७ इंची पडद्यावर २० ते ३० एक्स. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचे दागिने या क्रमांकाशिवाय विकता येत नाहीत, आणि वाचलेला क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो. अडचण पटीची नसते, चकाकीची असते. यंत्राचे दिवे मंद करा, बाजूने टेबललॅम्प टाका, मध्ये बटर पेपर धरा. हिऱ्याची शुद्धता ठरवायला तर जगभर १० एक्सच प्रमाण मानतात.

नाण्यांना ३० मिमी पूर्ण नाण्याला आणि ५ मिमी टांकसाळीच्या खुणेला. सालाखाली पत्त्यातल्या चौकटच्या आकाराची खूण मुंबईची, तारा हैदराबादचा, टिंब नोएडाचं, काहीच नसेल तर कोलकाता.

दुकानात काय करून पाहायचं

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत घ्यायला जात असाल तर तीन गोष्टी सोबत न्या: स्टीलची पट्टी, आलेख कागदाचा तुकडा, आणि तुम्हाला जी खरोखर बघायची आहे ती वस्तू. ऑनलाइन मागवलंत तर हेच परत करायच्या मुदतीत घरी करा.

पट्टी भिंगाखाली ठेवा. कमीत कमी आणि जास्तीत जास्त पटीत किती मिमी दिसतात ते वाचा, आणि दोन्ही वेळा भिंगापासून पट्टीपर्यंतचं अंतर बोटाने मोजा. या चार आकड्यांत यंत्राची कुंडली आली. मग आलेख कागद: मधल्या रेषा आणि कोपऱ्यातल्या रेषा सारख्याच स्पष्ट आहेत का, कडेच्या रेषा वाकतात का. मग स्वतःची वस्तू. फोटो काढा, मोठा करून कडा पाहा. शेवटी चिमटा भिंगाखाली हलवा आणि पडद्यावर तो किती मागे राहतो ते बघा. वायफायवर चालणारं यंत्र असेल तर ही चाचणी चुकवू नका. पाहण्यापुरतं ते चालतं, हाताने काम करायला क्वचितच.

विक्रेता मेगापिक्सेल आणि एक्स सांगत राहील. त्याला एकच विचारा: “वीस मिमी दिसत असताना खाली किती जागा उरते?” उत्तर न देता यंत्र सुरू करून दाखवलं, तरी काम झालं.

मोजमाप करणार असाल तर

सॉफ्टवेअरमध्ये मापं घेण्याची सोय असते, पण ती प्रत्येक पटीला वेगळी जुळवावी लागते. ढोबळ कामाला अर्ध्या मिमीच्या खुणांची स्टीलची पट्टी पुरते. बारीक कामाला स्टेज मायक्रोमीटर नावाची काचपट्टी मिळते, तिच्यावर एक मिमीचे शंभर भाग असतात, म्हणजे एक घर १० मायक्रॉनचं. चाक किंवा झूम जरा हलला की जुळवणी गेली. म्हणून नेहमीच्या दोन-तीन जागांवर मार्करने खूण करा, त्याच जागांवर काम करा, आणि फोटोच्या नावात पटीऐवजी दृष्टिक्षेत्र लिहा: ‘कोळी_७.७मिमी’. उद्या तोच फोटो मोबाइलवर उघडा की प्रोजेक्टरवर, एक्स बदलेल, ७.७ मिमी बदलणार नाहीत.